असुंताच्या वर्गातले बाबा

बातमी आली तेव्हा मी ओव्हन घासत होते. रविवारची सकाळ, बाहेर आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डचा नेहमीचा बारीक पाऊस, माझा नवरा समीर वरच्या मजल्यावर अजून अंथरुणातच. नागपूरहून शेजारच्या वैद्यवहिनींचा फोन होता. "मीनल, बाबा गेले गं..." त्या म्हणाल्या. मी भूलतज्ज्ञ आहे, इथल्या मोठ्या इस्पितळात काम करते. त्यामुळे रडण्याआधी प्रश्न विचारायची सवय आहे. कधी, कुठे, जवळ कोण होतं. दुपारी जेवून बाबा बाल्कनीतल्या खुर्चीत टेकले होते. चहाच्या वेळी वहिनींचे यजमान वैद्यकाका नेहमीसारखे बाबांकडे गेले, बेल वाजवली, मग त्यांच्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. झोपेतच गेले असावेत. मी विचारलं, "जेवले होते ना?" वहिनी म्हणाल्या, "हो वं, ताटवाटी घासून पालथी घातली होती." मग मी हातमोजे काढले आणि समीरला उठवायला वर गेले.

त्यानंतरच्या दिवसांत खूप फोन आले, खूप माणसं भेटली. त्यातल्या बहुतेकांनी एकच वाक्य वेगवेगळ्या सुरांत म्हटलं, "एकटेच होते हो बिचारे शेवटी." पहिल्या काही जणांना मी नुसतं 'हो' म्हटलं. पण माझे सासरे बिचारे नव्हते. ते त्यांच्या घरात होते, आणि त्या घरात राहण्यासाठी त्यांनी वयाच्या पंचाहत्तरीला काय केलं हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ते सांगितलंच पाहिजे.

बाबा पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले. धरणाच्या भिंतीतून किती पाणी झिरपतं हे ते नुसतं बघून सांगत, पण दूध उतू जायला किती वेळ लागतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. तशी वेळच कधी आली नाही. सासूबाई होत्या तोवर ताट समोर येत होतं, त्या गेल्यावर स्वयंपाकाची बाई ठेवली. त्या बाईंच्या मुलीचं बाळंतपण आलं, त्या गावी गेल्या आणि बाबांनी हे कुणालाही कळवलं नाही. केळी, बिस्किटं, चिवडा असं काहीतरी खात राहिले. मधुमेहाची गोळी मात्र घड्याळ लावून घेत होते. गोळी वेळेवर आणि जेवण नाही, म्हणजे काय होणार ते ठरलेलंच. वैद्यकाकांना ते न्हाणीघराच्या दारात पडलेले सापडले. साखर पार खाली गेलेली. समीर गेला आणि त्यांना घेऊनच परत आला.

इथला व्हिसा तीन महिन्यांचा. पुढचं समीरनं ठरवून टाकलं होतं. पुण्यात कुसुमआत्याच्या, म्हणजे बाबांच्या धाकट्या बहिणीच्या घराजवळ ज्येष्ठांसाठी एक निवास आहे. स्वच्छ खोली, वेळेवर जेवण, आवारात डॉक्टर. नागपूरचा फ्लॅट बंद करायचा. समीर वाईट मुलगा नाही, घाबरलेला मुलगा होता. आणि बाबा भांडले नाहीत. ते खिडकीशी बसून समोरच्या घराचं कुंपण बघत आणि दिवसातून एकदा, जेवताना, म्हणत, "समीर, मला माझ्या घरी जायचं आहे." समीर विचारायचा, "बाबा, पण तुम्ही खाणार काय?" ताटाकडे बघत ते घास घेत... ताट मी वाढलेलं असायचं.

मी म्हटलं, मी शिकवते. ते म्हणाले, "नको. सुनेच्या हाताखाली मी उभा नाही राहणार, आणि तूही बारा तास ड्यूटी करून येते, आणखी जीव नको शिणवू." ते बरोबरच होतं. मला शिकवायचा धीर नाही, भूल द्यायचा आहे. मग मला ग्रंथालयाच्या फळ्यावर असुंता नावाच्या बाईची चिठ्ठी दिसली. आमच्या मागच्या रस्त्यावर राहते, गुरुवारी सकाळी तिच्या घरी, तिच्या गावचा इटालियन स्वयंपाक. गुरुवारी मला सुट्टी असते. भारतीय स्वयंपाक शिकवणारं चालत जाण्याच्या अंतरावर कुणी नव्हतं. मी दोघांची नावं घातली आणि बाबांना आदल्या दिवशी सांगितलं. माझा हेतू एवढाच होता की माणूस खिडकीपासून उठावा.

असुंता ऐंशीच्या जवळ आलेली, बुटकी, रुंद. रोमच्या खाली डोंगरात तिचं गाव. तिथल्या कितीतरी कुटुंबांनी आयर्लंडभर मासे आणि बटाट्याचे तळलेले काप विकायची दुकानं काढली, त्यांतल्याच एका घरात लग्न होऊन ती पोरवयात इथे आली. आयुष्यभर दुकानात तळणीपाशी उभी राहिली आणि दुकान विकल्यावर घरचं जेवण शिकवायला लागली, कारण तिच्या म्हणण्यानुसार या गावानं तिच्या हातचं फक्त खोटं जेवण खाल्लं होतं. तिचं इंग्रजी म्हणजे वॉटरफोर्डचा हेल आणि इटालियन हात.

पहिल्या दिवशी बाबा कोट आणि टाय घालून निघाले. वर्ग म्हणजे वर्ग. तिथे स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाभोवती आम्ही पाच जण, त्यात पॅट नावाचा निवृत्त बसचालक आणि दोन म्हाताऱ्या बहिणी. बाबांनी भिंतीकडची खुर्ची घेतली, हाताची घडी घातली आणि व्याख्यान ऐकावं तसे बसून राहिले. आम्ही लसूण ठेचला, टोमॅटो शिजवला, ते बघत होते. शेवटी सगळ्यांनी बसून खायचं. बाबांनी खाल्लं, अगदी मन लावून खाल्लं. आणि मग ते झालं. आयुष्यभर जे केलं तेच त्यांनी केलं. पेल्यातलं पाणी ताटलीत ओतून त्यात हात धुतले, रुमालाला पुसले, आणि खुर्ची मागे सरकवली.

दोघी बहिणी ताटलीकडे बघायला लागल्या. पॅट म्हणाला, "वा, साहेबांनी भांडी इथेच घासायला सुरुवात केली." मी उठणार तोच असुंतानं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. बाबांना म्हणाली, "तुम्ही का आलात माझ्याकडे?" बाबा गोंधळले. माझ्याकडे बघून त्यांनी त्यांच्या सरकारी इंग्रजीत सांगितलं, "मला माझ्या घरी राहायचं आहे. एकट्याला." तिनं डोकं हलवलं. "एकट्याला राहायचं तर मग सुरुवात शेवटापासून करू. उठा." आणि त्यांच्या हातात त्यांची ताटली दिली. मग आमच्याही. कोट काढून, बाह्या सारून माझे सासरे परक्या बाईच्या मोरीपाशी उभे राहिले आणि सगळ्यांची भांडी घासली. पॅट शेजारी उभा राहून पुसत होता आणि "इकडे थोडं राहिलं, चीफ" म्हणत होता.

आमच्या दारात आल्यावर बाबा म्हणाले, "बाई फटकळ आहे." मला वाटलं, संपलं. पण पुढच्या गुरुवारी मी आंघोळ करून खाली आले तर ते बूट घालून तयार, या वेळी स्वेटरमध्ये. "चल, उशीर करून राहिली तू."

असुंता शिकवायची ती रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. तेल तापलं, लसूण टाकला की ती आम्हाला शेगडीकडे पाठ करून उभं करायची. बघायचं नाही, ऐकायचं आणि वास घ्यायचा. लसूण झाला असं वाटलं की हात वर. पहिल्यांदा बाबांनी हात वर केला तेव्हा लसणाचा कोळसा झाला होता. पॅट म्हणाला, "चीफ, अग्निशमन दलाला बोलवू का?" बाबांना राग आला, पण तो लसणावर. एका महिन्यात त्यांचा हात सगळ्यांच्या आधी आणि बरोबर वर जायला लागला. मग ते मला घरी सांगत, "मीनल, तुझी मोहरी तडतडायची थांबली, आता पाहून काय राहिली, टाक ना कांदा." त्यांचं बरोबर असायचं, हे मला मान्य करावं लागायचं.

त्यांची खरी गाठ पडली ती पिठाशी. असुंताच्या गावच्या पास्त्यात अंडं नाही, नुसता बारीक रवा आणि कोमट पाणी, त्यामुळे आमची शाकाहाराची अडचण मिटली. तिनं लाकडी पाटावर रव्याचा ढीग केला, मधे खळगा पाडला, त्यात पाणी ओतलं आणि कडा आत ढकलायला लागली. बाबा खुर्चीवरून उठून जवळ आले. "हे तर आमचं आळं आहे! साईटवर गवंडी सिमेंट असंच कालवतो." तिनं त्यांना 'इंजेन्येरे' म्हणायला सुरुवात केली ती त्या दिवसापासून. तिच्या देशात इंजिनियरला तसंच मानानं हाक मारतात. बाबांना ते फार आवडलं. ते तिला असुंताबाई म्हणत.

आणि मग तिनं एक लोखंडी सळई काढली, विणायच्या सुईएवढी. पिठाची बारीक वळी घेतली, सळईवर ठेवली, तळव्याखाली एकदा पुढेमागे फिरवली आणि सळई ओढून काढली. हातात पोकळ, पिळदार नळी. बाबा एकदम मराठीत म्हणाले, "अहो, हे सरगुंडे आहेत!" विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. उन्हाळ्यात आमच्या सासरकडे बायका जमून कणकेची वळी काडीवर गुंडाळून असेच सरगुंडे करतात, वाळवतात, आणि मग आमरसात घालून खातात. बाबांनी लहानपणी उंबऱ्यावर बसून आईला आणि काकूंना ते करताना तासन्तास पाहिलेलं. मला त्यांनी ते भाषांतर करून सांगायला लावलं. असुंतानं ऐकून घेतलं आणि सळई त्यांच्या हातात दिली. "पाहिलंत ना? मग करा."

अर्थातच जमलं नाही. कणीक सळईला चिकटली, फाटली, लगदा झाला. पुढचे कितीतरी दिवस आमच्या टेबलावर रवा सांडलेला असायचा आणि बाबा कबाबाच्या काड्यांवर वळ्या फिरवत बसलेले असायचे. तोंडानं हिशेब चाललेला, पाणी जास्त झालं, दाब कमी पडला. समीर ऑफिसच्या कॉलमधून उठून पाणी प्यायला आला की कपाळाला हात लावायचा. "बाबा, नागपूरला एकटे राहून तुम्ही काय रोज पास्ता खाणार?" बाबा मान वर न करता म्हणाले, "अरे बाप्पा, आच तीच आहे ना? तिकडे काय वेगळी आच असते?"

हे वाक्य मला तेव्हा उडवाउडवीचं वाटलं होतं. पण ते खरंच तसं शिकत होते. असुंतानं मसूर शिजवला की घरी येऊन वरण. तिनं काबुली चण्यात पास्ता टाकला की दुसऱ्या दिवशी उसळ. भोपळा, वांगी, पालक, जे जे तिथे चिरलं ते ते इथे फोडणीत. आई कसं करायची हे त्यांना आठवत होतं, फक्त चवीतून. मधले टप्पे असुंताकडून आले. आणि जेवल्यावर ते उठून भांडी घासत. माझी लेक ईरा, जिला तिच्या स्वतःच्या खोलीतला कप खाली आणायला तीन वेळा सांगावं लागतं, ती एकदा हे बघून निमूट उठली आणि फडकं घेऊन उभी राहिली.

व्हिसा संपायच्या आधी ते बोलणं झालंच. त्या दिवशी मी ड्यूटीवरून आले तर टेबल मांडलेलं होतं. वरण, भात, दोडक्याऐवजी कुर्जेटची, म्हणजे झुकिनीची, भाजी, काकडीची कोशिंबीर. ईरा अर्धं जेवून झालेली. समीरनं तिला विचारलं, कसं आहे. "इट्स ग्रँड. आजोबाज् इज बेटर दॅन युअर्स, डॅड." समीरनं खाल्लं, पुन्हा भात घेतला, आणि तरीही म्हणाला, "बाबा, एक दिवस जेवण करणं वेगळं. ताप आला तर? पुन्हा पडलात तर?"

"ताप आला तर पेज. तीही येते आता."

"आणि पडलात तर?"

बाबांनी ताटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "पडीन तर माझ्या घरात पडीन ना रे. तुझ्या त्या पुण्याच्या खोलीत मी पडणार नाही, हे खरं. तिथे पडायला जागाच कुठे आहे... पण उभं राहायलाही नाही."

समीरनं माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टर, मी सून, मी त्याची बायको, त्याला मी त्याच्या बाजूनं हवी होते. मी म्हटलं, "समीर, औषधाच्या वेळा त्यांना पाठ होत्याच. जेवण येत नव्हतं, ते आलं. धोका आहे, तो पुण्यातही आहे. मी त्यांना जाऊ देईन." पुढचे काही दिवस नवरा माझ्याशी कामापुरतं बोलत होता. पण तिकीट त्यानंच काढलं, नागपूरचं. कुसुमआत्यानं मला फोनवर सुनावलं, "सासऱ्याला घराबाहेर काढायची ही नवी तऱ्हा पाहिली बाई." मी ते ऐकून घेतलं. बाबा जिथे निघाले होते ते त्यांचंच घर होतं.

शेवटच्या गुरुवारी असुंतानं त्यांना सळई भेट दिली. बाबांनी ती विमानात हातातल्या बॅगेत ठेवली आणि सुरक्षा तपासणीत ती काढून घेतली गेली. ते तिथल्या माणसाला समजावत होते की हे स्वयंपाकाचं साधन आहे. नागपूरला पोचल्यावर त्यांनी छत्रीची काडी कापून नवी केली, आणि फोनवर असुंताला दाखवली. ती म्हणाली, "माझ्या आजीचीही छत्रीचीच होती."

पुढची चार वर्षं त्यांनी स्वतःचं स्वतः केलं. साखर नेमात, वजन नेमात, तपासण्यांचे आकडे मी दर तीन महिन्यांनी बघत होते आणि ते माझ्या इथल्या पुष्कळ पेशंटांपेक्षा बरे होते. व्हिडिओ कॉल लावला की फोन डब्याला टेकवलेला, चित्रात छत आणि आवाजात कढई. मग इमारतीतले आणखी दोघे त्यांच्याकडे यायला लागले. एकाची बायको गेलेली, दुसऱ्याची मुलाकडे अमेरिकेत. आणि वैद्यकाका, ज्यांची बायको शेजारच्या खोलीत होती पण जे हौसेनं येत. बाबा त्यांना ओट्याकडे पाठ करून उभे करत. वैद्यवहिनी फोनवर हसून सांगायच्या, "आमचे हे घरी येऊन मले सांगून राहिले, तुझी फोडणी जळली म्हणून. चाळीस वर्षं काही नाही बोलले हो!"

मागच्या मे महिन्यात आम्ही गेलो. ती शेवटची भेट ठरली. मी नेहमीच्या सवयीनं पदर खोचून आत जायला निघाले, तर त्यांनी मला दारातच थांबवलं. "तू पाहुणी आहे. बाहेर बस, ईराशी बोल." माझ्या सासऱ्यांनी मला वाढलं, मी बसून खाल्लं. सरगुंडे आणि आमरस होता. सरगुंडे एकसारखे, पोकळ, एकही फाटलेला नाही. मी तसं म्हटलं तर ते म्हणाले, "जाडी अजून थोडी जास्त आहे." मग हळूच, "बरे झाले ना पण?" मी म्हटलं, "उत्तम झाले, बाबा." मी कुणाला उगाच उत्तम म्हणत नाही, हे त्यांना माहीत होतं.

बातमी आली त्या रविवारी समीर बॅग भरत होता तेव्हा मी मागच्या रस्त्यावर जाऊन असुंताला सांगून आले. तिनं हात पुसले, छातीवर क्रूसाची खूण केली आणि बसली. मग विचारलं, "कुणाच्या घरी?" मी म्हटलं, "त्यांच्या स्वतःच्या." ती म्हणाली, "ब्राव्हो, इंजेन्येरे." आणि मग ती रडली. मी नाही, मी तिला पाणी दिलं.

नागपूरला सगळं रीतसर झालं. समीर पोचेपर्यंत सगळे थांबले होते. तो विमानात सारखा एकच गोष्ट विचारत होता, आपण पुण्याला ठेवलं असतं तर. मी उत्तर दिलं नाही, कारण त्याला ते घरात शिरल्यावर मिळेल अशी माझी खात्री होती. दिवस झाले, माणसं पांगली. कुसुमआत्या मात्र राहिली होती. एका दुपारी आम्ही तिघी, आत्या, वैद्यवहिनी आणि मी, दमून बसलो होतो. आत्या म्हणाली, "मी चहा टाकते," आणि आत गेली. बराच वेळ डब्यांची झाकणं वाजत राहिली. मग हाक आली, "मीनल, चहापत्ती कुठे आहे गं?"

मी गेले. सासूबाईंच्या वेळची मांडणी मला पाठ होती, पण त्यातलं काहीच जागेवर नव्हतं. जड डबे खाली, हलके वर, रोजचं डाव्या हाताला, कारण बाबा डावखुरे. डाळी शिजायला लागणाऱ्या वेळेच्या क्रमानं. मीठ शेगडीच्या इतकं जवळ की न बघता हात जावा. एका कोपऱ्यात पिठाचा पाट उभा, त्यावर कापड. वैद्यवहिनीही आल्या. आम्ही तिघी, तिघींनी मिळून शंभराहून जास्त वर्षं स्वयंपाक केलेला असेल, एकेक डबा उघडत होतो आणि चहापत्ती सापडत नव्हती. समीर दारात येऊन उभा राहिला. "काय शोधताय?"

आत्यानं हातातला डबा खाली ठेवला. सगळ्या ओट्यावरून तिनं एकदा नजर फिरवली, आणि म्हणाली, "काही नाही रे. हे दादाचं स्वयंपाकघर आहे. त्यालाच विचारावं लागलं असतं."

समीर आत आला. ओट्यावरून तळहात फिरवला आणि जिथे मीठ होतं तिथे थांबला. पुण्याचं नाव त्यानं त्यानंतर काढलेलं नाही. वैद्यवहिनी त्यांच्या घरून चहापत्ती घेऊन आल्या. चहा झाल्यावर कप घासून मी ओट्यावर पालथे घातले. ते कुठे ठेवायचे, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.